पोदेर, अलमारी आणि जानेवारी: लॅटिन ‘-आरिउस’चं गोत

प्रश्न असा आहे. फ्रेंचच्या चार परीक्षा देऊन स्पॅनिशकडे वळलेल्या एका विद्यार्थ्याला जागोजागी ओळखीची शेपटं दिसतात: फ्रेंच ‘प्रम्ये’ आणि ‘प्रिमेर’, स्पॅनिश ‘प्रिमेरो’ आणि ‘प्रिमारिओ’, शिवाय ‘बुलांजे’ आणि ‘पानादेरो’ (दोन्ही म्हणजे पाववाला), ‘नोतेर’ (दस्त नोंदवणारा). हा एकच प्रत्यय आहे की चार वेगळे? पुस्तक म्हणतं की हा धंदा दाखवणारा प्रत्यय आहे, मग ‘सालेरो’ म्हणजे मीठवाला का नाही? आणि आपल्या सोनार-लोहारातला ‘-आर’ हाच का?

एकच प्रत्यय आहे. धंदा हा त्याचा मूळ अर्थ नाही. आणि सोनाराचा ‘-आर’ तो नव्हे. वीस-बावीस वर्षं या भाषा शिकवताना आणि गोव्यातले पोर्तुगीज काळातले जमिनीचे कागद मराठीत आणताना या प्रत्ययाशी माझी रोजची गाठ पडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॅटिनमध्ये हा ‘-आरिउस’ (पुल्लिंगी), ‘-आरिआ’ (स्त्रीलिंगी), ‘-आरिउम’ (नपुंसकलिंगी) असा विशेषण बनवणारा प्रत्यय होता. नामाला लागायचा आणि एवढंच सांगायचा की ‘याच्याशी संबंध असलेला’. संबंध कसला, ते सांगायचा नाही. आपल्याकडे हुबेहूब हेच काम ‘-वाला’ करतो. दूधवाला दूध विकतो, टोपीवाला टोपी घालतो, घरवाला घरात असतो, आणि काठवाली साडी यातलं काहीच करत नाही. संबंध ऐकणाऱ्याने ओळखायचा. लॅटिन ‘आर्जेन्तुम’ म्हणजे चांदी, तर ‘आर्जेन्तारिउस’ म्हणजे सराफ. ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक, तर ‘लिब्रारिउस’ म्हणजे पुस्तकाच्या नकला करणारा किंवा पुस्तकं विकणारा. ‘आक्वा’ म्हणजे पाणी, ‘साजित्ता’ म्हणजे बाण. इंग्रजी राशिभविष्यात कुंभ आणि धनु या राशींसाठी जे ‘अ‍ॅक्वेरियस’ आणि ‘सॅजिटेरियस’ दिसतात, ते म्हणजे पाणक्या आणि तिरंदाज.

विशेषण आलं की लिंग आलं, आणि खरा खेळ तिथे आहे. पुल्लिंगात ठेवलं की सहसा माणूस होतो. नपुंसकात ठेवलं की जागा किंवा साठवण: ‘ग्रानारिउम’ म्हणजे धान्याचं कोठार, ‘कोलुम्बारिउम’ म्हणजे कबुतरखाना, ‘पानारिउम’ म्हणजे पावाची टोपली. ‘आक्वारिउम’ म्हणजे गुरांना पाणी पाजायची जागा. माशांची काचपेटी हा अर्थ १९व्या शतकात चिकटला. स्त्रीलिंगात काय होईल याचा नेम नाही. ‘रिपा’ म्हणजे काठ, ‘रिपारिआ’ म्हणजे ‘काठाची’. त्यावरून इटालियन ‘रिव्हिएरा’, स्पॅनिश ‘रिबेरा’, पोर्तुगीज ‘रिबेइरा’ आणि फ्रेंच ‘रिव्येर’. पहिल्या दोघींनी काठ हा अर्थ धरून ठेवला, फ्रेंच मात्र काठावरून उतरून थेट पाण्यात गेली: तिथे ‘रिव्येर’ म्हणजे नदी. इंग्रजीतली ‘रिव्हर’ तिचीच.

लॅटिनची नपुंसक नामं पुढच्या भाषांत बहुतेक पुल्लिंगात जमा झाली. म्हणून स्पॅनिश ‘-एरो’ दिसला की तो माणूस असेल, डबा असेल, खुराडं असेल किंवा झाडही असेल. ‘सालेरो’ म्हणजे मीठदाणी. ‘आसुकारेरो’ साखरेचं भांडं, ‘सेनिसेरो’ राख झाडायचं, ‘गायिनेरो’ कोंबड्यांचं खुराडं, ‘ओर्मिगेरो’ मुंग्यांचं वारूळ. माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी ‘फ्लोरेरो’चं भाषांतर ‘फुलवाला’ करतं. ती फुलदाणी आहे. फुलवाल्याला ‘फ्लोरिस्ता’ म्हणतात. तसंच ‘कार्तेरो’ म्हणजे पोस्टमन आणि ‘कार्तेरिस्ता’ म्हणजे खिसेकापू. इटालियनमध्ये ‘जोर्नालायो’ पेपर विकतो आणि ‘जोर्नालिस्ता’ पेपरात लिहितो. आधुनिक काळात नव्या पेशांनी ग्रीकातून आलेला ‘-इस्ता’ घेतला आणि बाजारातले जुने हातधंदे ‘-आरिउस’कडे राहिले. भाषांतर करणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बऱ्याच ठेचा वाचतात.

एक उदाहरण मला फार आवडतं. स्पॅनिश ‘मोस्कितेरो’, पोर्तुगीज ‘मोस्कितेइरु’, फ्रेंच ‘मूस्तिकेर’, इटालियन ‘झान्झारिएरा’: चारही म्हणजे मच्छरदाणी. म्हणजे ‘डासवाली’ वस्तू. आणि आपण काय केलं? अत्तरदाणी, फुलदाणीतला साठवणीचा ‘-दाणी’ उचलून जिच्यात डास नसावेत तिलाच लावला. संबंध दाखवणारा प्रत्यय संबंधाचा प्रकार सांगत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दुसरं उदाहरण दाखवत नाही.

आता रूपं इतकी वेगळी का. यासाठी वेगळा तक्ता नको, पहिल्या महिन्याचं नाव पुरे. लॅटिन ‘यानुआरिउस’, म्हणजे यानुस देवाचा महिना. त्यातला प्रत्यय प्रत्येक लेकीने आपापल्या रीतीने घडवला: पोर्तुगीज ‘जानेइरु’, स्पॅनिश ‘एनेरो’, इटालियन ‘जेन्नायो’, फ्रेंच ‘जांव्ये’, बार्सिलोनाकडची कॅटलन ‘जेने’ (लिहिताना शेवटी र, बोलताना नाही). फेब्रुवारीही याच साच्यातली. म्हणजे १५०२च्या जानेवारीत पोर्तुगीज दर्यावर्दींनी ज्या उपसागराला ‘रिओ द जानेइरो’ नाव दिलं, त्या शहराच्या नावात आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर एकच प्रत्यय आहे.

झालं असं की ‘-आरिउ’मधला ‘इ’ हळूहळू ‘य’सारखा आखडला आणि ‘र’ ओलांडून अलीकडे आला: आर्यु, मग आइरु. पोर्तुगीजने तिथून ‘एइरु’ केलं, स्पॅनिशने आणखी एक पाऊल टाकून ‘एरो’. पोर्तुगीज रूप म्हणजे वाटेतला थांबा. स्पॅनिश रूप म्हणजे मुक्काम. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. प्राकृतात हाच बदल जसाच्या तसा झालेला आहे: ‘आश्चर्य’चं ‘अच्छेर’, ‘सौंदर्य’चं ‘सुंदेर’, ‘ब्रह्मचर्य’चं ‘बंभचेर’, ‘पर्यंत’चं ‘पेरंत’. अर्य गेलं आणि एर आलं. एकाच भाषाकुटुंबातल्या, पण हजारो मैलांवरच्या दोन शाखांनी एकमेकींना न विचारता तोंडाची तीच सोय शोधली. शिकवताना मी आधी ‘बंभचेर’ फळ्यावर लिहिते, मग ‘जानेइरु’. समजवावं लागत नाही.

इटालियनने, म्हणजे खरं तर तोस्कानाच्या बोलीने, वेगळी वाट धरली. तिथे ‘य’ राहिला आणि ‘र’च गळून पडला: ‘फोर्नायो’ (भट्टीवाला, म्हणजे बेकर), ‘काल्झोलायो’ (चांभार), ‘पोल्लायो’ (खुराडं). रोमच्या आणि त्याखालच्या बोलीत ‘र’ टिकला, म्हणून तिथे ‘-आरो’ ऐकू येतो. पेट्रोल भरणारा तोस्कानातल्या फिरेंझेत (म्हणजे फ्लॉरेन्समध्ये) ‘बेन्झिनायो’ आणि रोममध्ये ‘बेन्झिनारो’. ‘काव्हालिएरे’ (सरदार), ‘कामेरिएरे’ (वेटर) यांतला ‘-इएरे’ मात्र घरचा नाही. तो फ्रान्सकडून मध्ययुगात, सरदार-दरबारांच्या शब्दांबरोबर आला. रोमानियनने ‘-आर’ ठेवला: ‘ब्रुतार’ बेकर, ‘पेस्कार’ कोळी.

फ्रेंच हे खरं कोडं आहे, आणि त्यावर थांबायलाच हवं. लॅटिनमध्ये ‘आरेआ’ असा शब्द होता. त्याचा एक अर्थ खळं, धान्य मळायची मोकळी जागा. त्याचं पोर्तुगीजमध्ये ‘एइरा’, स्पॅनिशमध्ये ‘एरा’, इटालियनमध्ये ‘आया’ झालं, अर्थ खळंच. बघा, प्रत्ययाची जी तीन रूपं वर आली तीच ही. फ्रेंचमध्ये ‘आरेआ’चं ‘एर’ झालं (लिहिताना ए-आय-आर-ई). म्हणजे नियमाने ‘-आरिउस’चंही फ्रेंचमध्ये तसंच ‘-एर’ व्हायला हवं होतं. झालं मात्र ‘-इये’. का? एका मताप्रमाणे ‘-एरिउस’ या जवळच्या शेवटाशी गल्लत झाली. ‘मिनिस्तेरिउम’चं ‘मेत्ये’ (पेशा) होतं तिथे ‘इये’ नियमानेच येतो. दुसऱ्या मताप्रमाणे फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीने आधीच्या ‘आ’ला ‘ए’कडे खेचलं. दीडशे वर्षांहून जास्त वाद चालू आहे, एकमत नाही. मला स्वतःला पहिलं मत जास्त पटतं, कारण गल्लत व्हायला शब्दांचं साधर्म्य पुरतं, परक्या बोलीची मध्यस्थी लागत नाही.

मग ‘बुलांजे’मध्ये ‘इ’ का नाही? तो होता. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बेर्जिये’, ‘बूशिये’ अशीच रूपं होती. ‘ज’ आणि ‘श’ या तालव्य ध्वनींनंतरचा ‘य’ त्यांच्यात विरघळला आणि ‘बेर्जे’ (मेंढपाळ), ‘बूशे’ (खाटीक), ‘ओरांजे’ (संत्र्याचं झाड) उरले. त्यामुळे फ्रेंचमधली ही ‘-ए’ आणि ‘-इये’ शेपटं एकाच प्रत्ययाची आहेत; आधीचा ध्वनी बघायचा, बस.

आणि ‘प्रिमेर’, ‘नोतेर’मधला ‘-एर’? हे तत्सम. मराठी व्याकरण शिकलेल्याला याहून जास्त सांगायला नको. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ एकच शब्द, एक पोथीतून उचललेला, दुसरा तोंडातोंडी झिजत आलेला. आणि आता अर्थही वाटून घेतलेले. ‘गर्भिणी’ बाई, ‘गाभण’ गाय. तसंच लॅटिन ‘प्रिमारिउस’ झिजत आला तो फ्रेंच ‘प्रम्ये’, स्पॅनिश ‘प्रिमेरो’, पोर्तुगीज ‘प्रिमेइरु’: पहिला. पंडितांनी नंतर लॅटिनमधून पुन्हा आणला तो ‘प्रिमेर’, ‘प्रिमारिओ’, ‘प्रिमारिउ’: प्राथमिक. झिजलेलं रूप बाजारात, स्वयंपाकघरात, रानात सापडतं. पंडिती रूप कचेरीत, न्यायालयात, ग्रंथालयात. कायद्याच्या भाषेत पंडिती रूपाने आणखी एक जागा पटकावली, ती म्हणजे ‘ज्याला काही मिळतं तो’: फ्रेंच ‘देस्तिनातेर’ म्हणजे ज्याच्या नावे पत्र आहे तो, ‘लोकातेर’ म्हणजे भाडेकरू.

गोव्याच्या एकाच दस्तऐवजात ही दोन्ही रूपं शेजारी बसलेली दिसतात. जमिनीचा मालक ‘प्रोप्रिएतारिउ’, दस्त नोंदवणारा ‘नोतारिउ’, पण ‘फोरु’ म्हणजे ठरावीक वार्षिक खंड भरून जमीन कसणारा ‘फोरेइरु’. वरचे दोघे लॅटिन पोशाखात, खालचा झिजलेल्या. भाषेने मुद्दाम केलेलं नाही हे, तरीही दर वेळी ते वाचताना मी थबकते.

त्याच कागदांत पुढे झाडांची मोजदाद येते, आणि हा प्रत्यय सर्वांत सुंदर तिथे दिसतो. ‘कोकेइरु’ म्हणजे माड, ‘आरेकेइरा’ म्हणजे पोफळ, ‘मांगेइरा’ आंब्याचं झाड, ‘जाकेइरा’ फणसाचं, ‘काजुएइरु’ काजूचं. फळाला प्रत्यय लावला की झाड. ‘मांगा’ आणि ‘जाका’ मलबारच्या भाषेतून उचललेले, ‘काजू’ ब्राझीलच्या तुपी भाषेतून. शेपूट सगळ्यांना रोमचं. फ्रेंचही हेच करते (‘पॉम’ सफरचंद, ‘पॉम्ये’ त्याचं झाड), फक्त तिची झाडं सगळी पुल्लिंगी, तर पोर्तुगीजची बरीचशी स्त्रीलिंगी. इटालियनला मात्र प्रत्यय लागतच नाही, ती लिंग बदलून काम भागवते: ‘मेला’ फळ, ‘मेलो’ झाड. आपलं ‘ती केळ, ते केळं’ किंवा ‘ती जांभूळ, ते जांभूळ’ तसंच.

या झाडांची आडनावं झाली. पेरेइरा म्हणजे नाशपातीचं झाड, ओलिव्हेइरा म्हणजे ऑलिव्हचं, नोगेइरा अक्रोडाचं, पिन्येइरु पाइनचं. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतलं ‘परेरा’ हे आडनाव म्हणजे हे नाशपातीचं झाड. ‘फरेरा’ मात्र झाड नव्हे. तो ‘फेर्रारिआ’, म्हणजे लोखंडाची जागा. त्याच लोखंडाच्या मुळापासून इटलीत ‘फेर्रारी’, कॅटलनमध्ये ‘फेर्रे’, स्पॅनिशमध्ये ‘एर्रेरो’ आणि ‘एर्रेरा’. स्पॅनिशचा सुरुवातीचा ‘फ’ गळाला, एवढाच फरक. मोटारीचं प्रसिद्ध नाव म्हणजे आपल्या भाषेत ‘लोहारे’.

कोकणीत तर पोर्तुगीज ‘-एइरु’ पुन्हा एकदा झिजला, आणि झाला ‘-एर’. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन येतो तो ‘पोदेर’, मूळ ‘पादेइरु’. माडाची सूर काढणारा ‘रेंदेर’, मूळ ‘रेंदेइरु’, म्हणजे खंडाने घेणारा. स्वयंपाकी ‘कुजनेर’, मूळ ‘कोझिन्येइरु’. महिने ‘जानेर’ आणि ‘फेब्रेर’. प्राकृतातलं ‘बंभचेर’ आठवा: दोन निराळ्या वाटांनी आलेलं तेच ‘एर’ गोव्याच्या पाववाल्याच्या नावात ऐकू येतं.

नपुंसकातला ‘-आरिउम’ही आपल्याकडे आहे. ‘आर्मा’ म्हणजे हत्यारं, अवजारं. ती ठेवायचं कपाट ‘आर्मारिउम’. पोर्तुगीजमध्ये ‘आर्मारिउ’, जुन्या रूपात ‘आल्मारिउ’, आणि तिथून विदर्भात सर्रास बोलली जाणारी ‘अलमारी’. याहून जुना पाहुणा म्हणजे ‘दीनार’. इ.स.पू. २११च्या सुमारास रोमने चांदीचं ‘देनारिउस’ हे नाणं काढलं. ‘देनी’ म्हणजे दहा-दहा, म्हणून ‘दहाचं’ नाणं, आपण दहाची नोट म्हणतो तसं. ग्रीकांच्या तोंडून ते संस्कृतात ‘दीनार’ झालं आणि गुप्तांच्या काळातल्या दानलेखांत सोन्याच्या नाण्याचं नाव म्हणून कोरलं गेलं. त्याच शब्दाचं स्पॅनिश ‘दिनेरो’, पोर्तुगीज ‘दिन्येइरु’, इटालियन ‘देनारो’: तिन्हींचा आजचा अर्थ नुसता ‘पैसा’.

पैशावरून आठवलं: पगारासाठीचा ‘सालारिउम’ मिठाच्या ‘साल’वरून आला हे खरं. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळत असे ही गोष्ट मात्र सगळीकडे फिरते आणि तिला पुरावा नाही. शब्द एवढंच सांगतो की संबंध मिठाशी होता. कसला, ते सांगणं या प्रत्ययाच्या स्वभावातच नाही, हे आपण वर पाहिलं.

आता सोनार. सुवर्णकार, लोहकार, कुंभकार, चर्मकार यांतला ‘-कार’ हा ‘कृ’ धातूचा, म्हणजे करणारा. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘क’ गळाला आणि सोनार, लोहार, कुंभार, चांभार उरले. ‘सुतार’ तर ‘सूत्रधार’ आहे. शेवटी आवाज जुळला तरी घडण उलट: आपला प्रत्यय कृती सांगतो, लॅटिनचा नुसता संबंध. म्हणून कुंभार मडकी घडवतो हे शब्दातच आहे. ‘आक्वारिउस’ पाणी वाहतो, हे रोमन माणसाला आधीच ठाऊक असावं लागे.

कृती सांगायची तर लॅटिनकडे वेगळा प्रत्यय होता, ‘-तोर’, आणि तो धातूला लागायचा. कंडक्टर, डॉक्टर यांतला ‘टर’ तो. ‘ड्रायव्हर’, ‘बेकर’ यांतला इंग्रजी ‘-अर’ मात्र, बहुतेक अभ्यासकांच्या मते, जर्मानिक लोकांनी फार पूर्वी लॅटिनकडून घेतलेला ‘-आरिउस’च आहे, फक्त इंग्रजीत तो धातूंनाही लागू लागला. म्हणजे एसटीतल्या दोन माणसांचे प्रत्यय दोन घरांतले.

स्पॅनिश शिकताना एक गोष्ट तुम्हाला नक्की फसवेल. ‘मातादेरो’ (कत्तलखाना), ‘लाव्हादेरो’ (कपडे धुवायची जागा) यांतला ‘-देरो’ आपल्या प्रत्ययाचा भाऊ वाटतो. पण तो ‘-तोरिउस’पासून आलेला, धातूला लागणारा, वेगळा. ओळखायचं कसं? पोर्तुगीज बहिणीला विचारायचं, कारण तिने भेद जपला आहे: तिच्याकडे एक ‘-एइरु’, दुसरा ‘-दोउरु’. ‘मातादेरो’ला ती ‘मातादोउरु’ म्हणते, फ्रेंच अशा जागी ‘-वार’ लावते, जसं ‘आबात्वार’. आता ‘पानादेरो’ घ्या. त्यात ‘द’ दिसतो, म्हणून हाही ‘-देरो’ वाटेल. पण पोर्तुगीजमध्ये तो ‘पादेइरु’ आहे, आणि गोव्यात भोंगा वाजवत येतो तो ‘पोदेर’.